लसीच्या कार्डावरचे ‘एल’ अक्षर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बडोद्यात सोसायट्या कुत्र्यांसाठी रेबीजची शिबिरे भरवतात, हे चांगलेच आहे. पण तिथून परतताना बहुतेकांची समजूत असते, ‘झाले, यंदाचे लसीकरण उरकले.’ रेबीजची सुई रेबीजपुरतीच. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी घराघरांत शिरली, अशा शहरात पावसाळ्यापूर्वी लेप्टोस्पायरोसिसचीही लस हवी, आणि नेमकी तीच राहून जाते.

उंदरांच्या लघवीतून या रोगाचे जंतू साचलेल्या पाण्यात येतात आणि ओल्या मातीत आठवडेच्या आठवडे तग धरतात. पंजाला बारीक चीर असली किंवा कुत्रा डबक्यातले पाणी प्यायला, तरी लागण होते. सुरुवातीला ताप, उलट्या, अन्नावरची वासना उडणे. यकृत बिघडले की हिरड्या आणि डोळे पिवळे दिसू लागतात, मूत्रपिंडे तर त्याआधीही जाऊ शकतात. आजारी कुत्र्याच्या लघवीतून माणसालाही लागण होते, म्हणून ती पुसताना हातमोजे घालावेत.

कार्ड उघडून त्यावरचे स्टिकर वाचा. एकत्रित लसीच्या दोन कुप्या असतात. एकीत वाळवलेली पांढुरकी वडी, दुसरीत द्राव. अनेक लसींत लेप्टोचा भाग या द्रावातच असतो. वडी नुसत्या निर्जंतुक पाण्यात विरघळवली असेल तर लेप्टोची लस मिळालेलीच नाही. स्टिकरवर ‘डीएचपीपीआय’ (डिस्टेंपर, हिपॅटायटिस, पार्व्हो आणि पॅराइन्फ्लुएन्झा यांची एकत्रित लस) याच्या पुढे लेप्टोचा ‘एल’ आहे का, ते पाहावे. पहिल्या वेळी दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, मग दरवर्षी एक. मध्ये बराच खंड पडला असेल तर बहुधा पुन्हा दोन डोसांपासून सुरुवात करावी लागते. आपल्याकडे पाऊस जूनच्या उत्तरार्धात धरतो, तेव्हा पहिली सुई मेच्या सुरुवातीलाच टोचलेली बरी. शिवाय लस ठरावीक प्रकारच्या लेप्टोवरच चालते, त्यामुळे टोचून घेतल्यावरही डबक्यातले पाणी पिऊ देऊ नये.

पिल्लांच्या बाबतीत चूक वेगळीच होते. आईच्या चिकातून मिळालेली प्रतिकारशक्ती लसीलाच निष्प्रभ करते. ती कुणाची आठव्या आठवड्यात ओसरते, कुणाची सोळाव्यापर्यंत टिकते, आणि बाहेरून काही कळत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी एक डोस, आणि शेवटचा सोळा आठवडे पूर्ण झाल्यावरच. ‘दोन सुया झाल्या, पिल्लू टुणटुणीत आहे’ म्हणून थांबलेल्यांच्या घरी पुढे पार्व्हो या विषाणूचे रक्ताचे जुलाब सुरू होतात. पार्व्हो फिनाईलने मरत नाही. घाण आधी पुसून मग एक भाग घरगुती ब्लीच आणि तीस भाग पाणी, दहा मिनिटे ओले ठेवावे. ब्लीच आणि फिनाईल मात्र एकत्र करू नये.

दुकानातून लस आणून कंपाउंडरकडून टोचून घेण्याची काटकसर अंगाशी येते. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच राहायला हवी. मेच्या दुपारी स्कूटरच्या डिकीतून आलेल्या कुपीचा काय भरवसा? उलट बर्फाच्या कप्प्यात गोठलेली रेबीजची लसही वाया गेली समजा.

जंताच्या गोळीचेही तसेच, वय पाहून अंदाजाने दिली जाते. नेहमीच्या गोळ्या बहुधा दहा किलोला एक अशा असतात. कुत्र्याला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभे राहा आणि आपले वजन वजा करा. मोठ्या कुत्र्याला दर तीन महिन्यांनी पुरे, पिल्लाला सहा महिन्यांचे होईपर्यंत डॉक्टर सांगतील तशी लवकर लवकर.

गोचिडी नुसत्या वेचून संपत नाहीत. मादी रक्त पिऊन गळून पडते आणि भिंतीच्या भेगेत हजारोंनी अंडी घालते. औषध कुत्र्याला हवेच, पण बसायची जागा, पायपुसणे आणि भिंतीचा खालचा हातभर भागही साफ व्हायला हवा. घरात मांजर असेल तर कुत्र्याच्या पाठीवर टाकायचे थेंब आणताना त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक नाही ना, हे दुकानातच वाचून घ्यावे. ते मांजराच्या जिवावर बेतते.

आपला,
एक पशुवैद्यक
दांडिया बाजार, बडोदे