जुना रेकॉर्ड प्लेअर मोडीत काढण्यापूर्वी

महोदय,

जुना रेकॉर्ड प्लेअर बिघडला की ‘आता नवीनच घ्या’ असा सल्ला सरसकट दिला जातो, तो मला पटत नाही. वडिलांनी १९७४ साली घेतलेल्या आमच्या प्लेअरवर गाणी ओढल्यासारखी वाजू लागली, तेव्हा मलाही हेच ऐकवण्यात आले. वरची थाळी उचलून पाहिले, तर मोटारीची गती थाळीला देणारी रबरी चकती वाळून काचेसारखी गुळगुळीत झाली होती. तिची कड बारीक पॉलिश पेपरने घासली, बेअरिंगमध्ये दोन थेंब तेल सोडले आणि सूर जागेवर आला.

हा खटाटोप केवळ आठवणींपोटी नव्हता. आमच्याकडे बालगंधर्वांच्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या आहेत, आणि आजचे बहुतेक नवे प्लेअर ३३ व ४५ फेऱ्यांवरच थांबतात; शिवाय ७८ च्या खाचा लाँग प्ले, म्हणजे ३३ फेऱ्यांच्या तबकड्यांच्या खाचांपेक्षा कितीतरी रुंद असल्याने त्यांना सुईही वेगळी लागते.

मात्र, लाँग प्ले तबकड्या मी आता या यंत्रावर लावत नाही. त्याचा सिरॅमिक पिकअप (सुई बसवलेला, तिच्या कंपनांतून विजेचा संकेत तयार करणारा भाग) तबकडीवर पाच-सहा ग्रॅमचा भार टाकतो आणि त्याने खाचा झिजतात, तर चांगल्या मॅग्नेटिक कार्ट्रिजला (हेच काम चुंबकाच्या मदतीने करणाऱ्या भागाला) दोन ग्रॅमच्या आसपास पुरतात. तसे कार्ट्रिज या जड दांडीवर बसवायचे, वर त्याचा क्षीण संकेत वाढवणारा वेगळा प्रीअँप घ्यायचा, हा खर्च वाया जाणाराच. लाँग प्ले तबकड्यांसाठी नवा प्लेअर घेणेच योग्य.

– एक वाचक, पुणे