बाबा, डाव्या कुशीवर झोपू नका

ती. आई-बाबांना सा. न.

परवा रात्री अडीचला फोन करून दोघांना उठवलं, त्याची आधी माफी. मोबाइलवर बाबांची साखर ५८ दिसली आणि मला मागच्या गणपतीतली ती संध्याकाळच आठवली. आईनं बोट टोचून बघितलं तर ११२! बाबा, तुम्ही डाव्या कुशीवर, नेमके दंडावरच्या साखर मोजणाऱ्या सेन्सरवर झोपला होतात. तो दाबला गेला की आकडा खोटाच खाली येतो.

तरी अलार्म मी बंद करणार नाही. पुढचा सेन्सरही मागवलाय, आता सांगून टाकते. 'दंडावर सीआयडी बसवलाय' असं तुम्ही मामाला म्हणालात, कळलं मला. पाळत नाही हो ही. मी बदली मागितली असती तर मिळाली असती, हे तुम्ही दोघं कधी बोलत नाही, पण मला ऐकू येतं. निदान एवढं तरी करू दे.

चौदा दिवसांचा रिपोर्ट काढला. सगळ्या दिवसांचे साखरेचे आलेख एकावर एक ठेवून मधोमध जाड रेघ काढतात. साडेनऊला पोह्यांचा डोंगर आहे, तो असू दे. आंब्याच्या दोन फोडी चक्क निर्दोष सुटल्या! ७० ते १८०मध्ये तुमचा ६८ टक्के वेळ जातो. तुमच्या वयाला निम्म्याहून जास्त पुरे, असं डॉक्टर म्हणाले. पण ७०च्या खाली एक टक्क्याहून कमी हवा, तुमचा तीन आहे. आणि तो बहुतेक सगळा संध्याकाळी सहाच्या सुमारास, तुम्ही ओट्यावर गप्प बसता तेव्हा. 'वय झालं' म्हणता ते हेच असेल.

लहानपणी मला ताप आला की तुम्ही थर्मामीटर दिव्याखाली धरून आकडा फक्त आईच्या कानात सांगायचात. मी पांघरुणातून बघायचे.

आता ऐका. गोळी मनानं कमी करायची नाही, गुरुवारी रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जायचं, मी फोनवर असेन. आई, साडेपाचला त्यांना काहीतरी खायला दे, नुसता चहा नको. घाम फुटला, हात थरथरले तर मोबाइल बघत बसू नका, तो रक्ताच्या पाच-दहा मिनिटं मागे असतो. बोट टोचा, ते जमलं नाही तर सरळ तीन चमचे साखर पाण्यातून, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. नवा सेन्सर उजव्या दंडाला लावू, म्हणजे तुमची कुस तुम्हाला परत.

तुमची,
छकुली