‘विघटनशील’ म्हणजे कुठे आणि किती दिवसांत?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

वस्तूंच्या वेष्टनांवर ‘जैवविघटनशील’ हा शब्द आता इतका सर्रास छापलेला दिसतो की, तो वाचल्यावर वेष्टन कुठेही टाकले तरी चालते, अशी समजूत होऊ लागली आहे. माझा आक्षेप त्या शब्दाला नाही, तो अर्धवट छापला जातो याला आहे. हे प्लास्टिक कशात, किती उष्णतेत आणि किती काळात नाहीसे होईल, हे सांगितल्याशिवाय त्या शब्दातून ग्राहकाला काहीच कळत नाही.

दीड वर्षापूर्वी पेयाच्या पेल्याचे एक झाकण मी मुद्दाम घरच्या खताच्या पिंपात पुरून ठेवले. ‘कंपोस्ट होणारे’ असे त्यावर ठळक अक्षरांत होते. सोबतच्या साली-पानांचे काळेभोर खत झाले आणि ते चाळताना झाकण मात्र होते तसे हाती आले. धुऊन पुसून पुन्हा पेल्यावर बसले असते. आधी मला ही सरळ फसवणूक वाटली. थोडा अभ्यास केल्यावर लक्षात आले की, छापणाऱ्याने खोटे लिहिलेले नव्हते, फक्त अट गाळली होती.

अशी झाकणे बहुधा पॉलिलॅक्टिक आम्लाची, म्हणजे ‘पीएलए’ची असतात. मका किंवा ऊस यांतील शर्करा आंबवून लॅक्टिक आम्ल मिळवतात आणि त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या जुळवून हे प्लास्टिक तयार होते. त्याचे विघटन दोन टप्प्यांत होते: आधी पाण्यामुळे साखळ्या तुटतात आणि तुकडे पुरेसे आखूड झाल्यावरच सूक्ष्मजीवांना ते पचवता येतात. पहिला टप्पा वेगाने पार पडण्यासाठी साधारण ५५ ते ६० अंश सेल्सिअस तापमान लागते, कारण त्याच सुमारास हे एरवी कडक असणारे प्लास्टिक मऊ पडते. मोठ्या कंपोस्ट प्रकल्पातील ढिगाचा गाभा तेवढा तापतो आणि कित्येक दिवस तसाच तापलेला राहतो. घरच्या पिंपात ते सहसा घडत नाही, आणि समुद्राच्या पाण्यात तर ती अपेक्षाच करता येत नाही.

मानके नाहीत असेही नाही. युरोपातील ‘ईएन १३४३२’ या मानकानुसार कंपोस्टच्या चाचणीत १२ आठवड्यांनंतर २ मिलिमीटरच्या चाळणीवर मूळ कोरड्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त भाग उरता कामा नये आणि सहा महिन्यांच्या आत किमान ९० टक्के जैवविघटन झाले पाहिजे. ही कसोटी कडक आहे, पण ती औद्योगिक, म्हणजे मोठ्या प्रकल्पातील कंपोस्टची आहे. घरच्या खतासाठी ऑस्ट्रेलियाचे ‘एएस ५८१०’ हे निराळे मानक आहे, ज्यात चाचणी नेहमीच्या हवामानाच्या तापमानाला होते आणि मुदत १२ महिन्यांपर्यंत जाते. दोन कसोट्यांमध्ये इतके अंतर असताना दोन्ही वेष्टनांवर तोच एक शब्द आणि तेच हिरवे पान छापले, तर सामान्य माणसाने भेद करायचा कसा?

याहून वाईट प्रकार ‘ऑक्सो-विघटनशील’ प्लास्टिकचा. नेहमीच्याच पॉलिथिनमध्ये धातूंचे क्षार मिसळतात, त्यामुळे ते ऊन आणि हवा लागून ठिसूळ होते व त्याचा चुरा होतो. पिशवी दिसेनाशी होते, प्लास्टिक मात्र बारीक कणांच्या रूपाने मातीत आणि पाण्यात राहते. युरोपीय संघाने २०१९च्या निर्देशाद्वारे अशा वस्तूंवर बंदी घातली आणि ती जुलै २०२१ पासून लागू झाली. त्याच २०१९ मध्ये ब्रिटनमधील प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी वेगवेगळ्या पिशव्यांचा तीन वर्षे चाललेला प्रयोग प्रसिद्ध केला. ‘विघटनशील’ म्हणवणारी एक पिशवी तीन वर्षे मातीत आणि समुद्रात राहूनही सामान वाहून नेण्याइतकी मजबूत होती. कंपोस्ट होणारी पिशवी समुद्रात तीन महिन्यांत नाहीशी झाली, पण मातीत तीच पिशवी २७ महिन्यांनंतरही सापडली. अर्थात, तोवर तिला वजन पेलवत नव्हते. जागा बदलली की वस्तूचा स्वभाव कसा बदलतो, याचा याहून स्पष्ट पुरावा मला ठाऊक नाही.

‘वनस्पतीजन्य’ या शब्दाने गोंधळात आणखी भर पडते. उसापासून बनवलेले पॉलिथिन हे शेवटी पॉलिथिनच असते आणि ते कुजत नाही. उलट ‘पीबीएटी’ हे प्लास्टिक सहसा खनिज तेलापासून बनते आणि तरीही कंपोस्टमध्ये त्याचे विघटन होते. कच्चा माल कुठून आला आणि वस्तूचा शेवट कसा होणार, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

पीएलएची बाटली ‘पीईटी’च्या, म्हणजे पाण्याच्या नेहमीच्या प्लास्टिक बाटल्यांसोबत पुनर्प्रक्रियेला गेली तर आणखी एक घोळ होतो. दोन्ही दिसायला सारख्या आणि दोन्ही पाण्यात बुडणाऱ्या, त्यामुळे पाण्याच्या टाकीत त्या वेगळ्या निघत नाहीत; पीईटी ज्या तापमानाला वितळते तिथे पीएलए टिकत नाही आणि सगळा माल बिघडतो. कचराभूमीत हवाबंद अवस्थेत जे कुजते, त्यातून मिथेन हा तापमानवाढीला हातभार लावणारा वायू निघतो, तोही हिशेबात धरायला हवा.

एवढे लिहूनही मी या प्लास्टिकच्या विरोधात नाही. जिथे वेष्टन अन्नाला चिकटूनच कचऱ्यात जाते, तिथे त्याला खरा अर्थ आहे: ओल्या कचऱ्याची पिशवी, गरम पाण्यात बुडवायची चहाची पुडी, फळावरचे चिकट लेबल. फळांच्या सालींबरोबर ही लेबले नकळत खतात जातात आणि तिथे वर्षानुवर्षे राहतात. युरोपीय संघाच्या २०२५च्या पॅकेजिंग नियमात फळांवरची लेबले आणि चहाच्या पुड्या कंपोस्ट होणाऱ्या असाव्यात अशी तरतूद आहे, ती मला शहाणपणाची वाटते. बाटली किंवा डबा यांच्यासारखी स्वच्छ धुऊन पुन्हा वापरता येणारी वस्तू मात्र कुजणारी करण्यात कोणता फायदा, ते मला उमगत नाही.

फ्रान्सने २०२०च्या कायद्याने वस्तूंवर ‘जैवविघटनशील’ असे छापण्यास मनाई केली आणि अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने प्लास्टिकच्या बाबतीत त्याआधीच तसे केले होते. सरसकट बंदी नको असेल, तर निदान एवढी सक्ती असावी की त्या शब्दाच्या शेजारीच, तेवढ्याच आकाराच्या अक्षरांत, ‘फक्त औद्योगिक कंपोस्टमध्ये’ किंवा ‘घरच्या खतात, १२ महिन्यांत’ असे छापले जाईल, आणि ज्याला अशी अट लिहिता येत नाही त्याने तो शब्द वापरू नये. आपल्या दैनिकानेही नव्या वेष्टनांविषयीच्या बातम्या छापताना ‘पर्यावरणपूरक’ हे विशेषण देण्यापूर्वी उत्पादकाला ही अट विचारावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक