चिरे उतरण्याआधी

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

काल नवं एस्टिमेट ऐकून मी फोनवर जरा जास्तच बोलले. तू मुकाट्याने फोन ठेवलास. आज कर्जाबद्दल काही लिहायचं नाही असं ठरवलंय. ते तू आणि सूनबाई बघालच.

गावात घर बांधतोयस याचा मला केवढा आनंद आहे! येईल त्याला मोबाईलवर प्लॅन दाखवते. पण बाळा, त्यात कोपरे किती! कोपरा वाढला की कॉलम वाढतो, गवंड्याचे दिवसही वाढतात. सरळ चौकोनी घर काय वाईट? मोरी आणि संडास स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून घेतलेस तर पाइपही कमी लागतील.

स्लॅबचंही पुन्हा बघ. आपल्या पावसात तो गळायला लागला की लोक वर सांगाडा करून पत्रे घालतात, म्हणजे छपराचा खर्च दोनदा. त्यापेक्षा आधीच उतरतं छप्पर कर. जुन्या घराचे फणसाचे वासे अजून ठणठणीत आहेत, कौलंही पुष्कळ निघतील. टिचकी मारून बघायची, खणखणीत वाजलं ते ठेवायचं, बद्द वाजलं ते टाकायचं. शाकारणीला आजोबा वरून एकेक कौल वाजवून द्यायचे, मी खाली घ्यायची, आणि तू फुटक्यांची लगोरी रचून ओटीभर पसारा करायचास. बाहेरून गिलावाही नको. जांभ्याचा चिरा उघडाच शोभतो, दोन चिऱ्यांमधल्या फटी तेवढ्या नीट भरून घे.

नाहीतर एवढं कर्ज फेडणार कसं? खासगी नोकरी, त्यात धाकटीचं कॉलेज. 1982 च्या गिरणी संपात बाबांची मनिऑर्डर थांबली, तेव्हा वसुलीवाले ओटीवर येऊन बसायचे आणि मी तुला मागच्या दाराने काकूकडे पाठवायची. तुला आठवत नसेल, लहान होतास.

पुन्हा तेच लिहिलं बघ. रागावू नकोस. तुला हिशेब कळतो, माझ्यापेक्षा जास्तच कळतो.

पाया आणि वायरिंग यांत मात्र पैसे वाचवायला जाऊ नकोस. काँक्रीट कालवताना तिथे कुणीतरी आपलं माणूस हवं. सिमेंटच्या 50 किलोच्या गोणीला साधारण 25 ते 27 लिटर पाणी पुरतं. माल पसरायला सोपा जावा म्हणून गडी जास्त ओततात आणि काँक्रीट कच्चं राहतं. नंतर निदान 7 दिवस, जमलं तर 10 दिवस पाणी मारायचं. ते माझ्याकडे लागलं. गुडघ्यांचं काही सांगू नकोस, नळी धरायला गुडघे लागत नाहीत.

चिरे मे संपायच्या आत उतरवून घे, पाऊस लागला की खाणीत पाणी भरतं. ट्रक येईल त्या दिवशी मी उभी राहीन, तुटके चिरे बाजूला काढून मगच मोजायला सांगेन. आणि महिन्याचा हप्ता किती बसणार तेवढा आकडा कळव. मी काही बोलणार नाही.

तुझी,
आई