खाऱ्या वाऱ्यातल्या खिडक्या

संपादक साहेब, स.न.वि.वि.

आमचं घर श्रीवर्धनला, समुद्र हाकेवर. २०२० च्या निसर्ग वादळानंतर घाईघाईत लोखंडी चौकटी बसवल्या आणि आता बघा, रंगाखाली फुगे आलेत, खिडकीची एक बिजागरी तर परवा हातातच आली! खारा वारा लोखंडाला सोडत नाही हो. यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिकची चौकट, गंजत नाही हे खरं, पण आत मजबुतीला पट्टी लोखंडाचीच असते आणि मिस्त्रीने साधे स्क्रू मारले की तिथूनच तांबडे ओघळ चालू, म्हणून स्क्रू ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे मागून घ्या, ३०४ ग्रेडवर पण इथे डाग पडतात. माजघराचा सागवानी दरवाजा मात्र आजोबांच्या वेळचा, दरवर्षी पावसाआधी तेल लावतो, अजून ठणठणीत. आता सागवान परवडतंय कुणाला म्हणा!

– एक वाचक, श्रीवर्धन