निकालाची नक्कल मागणाऱ्याला कारण का विचारावे?

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील जिल्हा न्यायालयात सुनावणी चालू असताना मागच्या बाकावर जाऊन बसायला कोणाही नागरिकाला कारण सांगावे लागत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 153-ब ने, आणि फौजदारी बाजूला जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम 327 च्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 366 ने, न्यायालय हे सर्वांसाठी खुले ठिकाण मानले आहे. बसायला जागा असली म्हणजे झाले. निकालही खुल्या न्यायालयातच जाहीर होतो. मात्र तो ऐकून बाहेर पडलेल्या त्याच माणसाने त्या निकालपत्राची सही-शिक्क्याची नक्कल मागितली, तर त्याला आधी विचारले जाते, की तुम्ही पक्षकार आहात का. आणि नसाल, तर नक्कल कशासाठी हवी. या दुसऱ्या प्रश्नाविषयी मला लिहायचे आहे.

माझी नोकरी दस्तांची नोंदणी करणाऱ्या दुय्यम निबंधक कार्यालयात गेली, त्यामुळे न्यायालयाच्या कागदांची गरज वकील आणि पक्षकार सोडून आणखी कोणाकोणाला पडते, हे मी जवळून पाहिले आहे. बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वर या भागात प्लॉट घेणारा माणूस आता पूर्वीसारखा भाबडा राहिलेला नाही. तो सातबारा मोबाइलवर काढतो, सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्तांची सूची, तपासतो, नागपूर सुधार प्रन्यासचे नियमितीकरण पत्र, ज्याला आपल्याकडे सगळे नुसते ‘आरएल’ म्हणतात, ते आहे का हे विचारतो आणि वकिलाकडून सर्च रिपोर्टही घेतो. एवढे करूनही मूळ शेतमालकाच्या बहिणीने वाटणीचा दावा लावला असेल, तर त्याची खूण सातबाऱ्यावर सापडेलच असे नाही. दावा चालू असताना विकत घेतलेली मालमत्ता त्या दाव्याच्या निकालाने बांधली जाते, हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 52 मागचे तत्त्व आहे; मग घेणाऱ्याने पैसे पूर्ण मोजलेले असोत, की दावा आहे हे त्याला माहीतही नसो. वर्तमानपत्रात जाहीर सूचना देऊन हरकतीची वाट पाहणे हा त्यावरचा रूढ उपाय आहे. पण जिने दावा लावला ती बहीण अमरावतीला नांदत असेल आणि तिच्या घरी दुसरेच वर्तमानपत्र येत असेल, तर त्या सूचनेचा उपयोग शून्य.

अशा वेळी न्यायालयीन प्रकरणांची माहिती देणारे ई-कोर्ट्सचे संकेतस्थळ आणि मोबाइल अॅप कामी येते, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. आज कोणताही नागरिक वकिलाशिवाय आणि पैसे न भरता पुढची तारीख, प्रकरणाचा टप्पा आणि पुष्कळ प्रकरणांत आदेशाची प्रत घरबसल्या पाहू शकतो. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा एक सीएनआर क्रमांक असतो. त्यातली पहिली दोन अक्षरे राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची, मग न्यायालयाचा संकेतांक आणि अनुक्रमांक, आणि शेवटी वर्ष. हा क्रमांक हाताशी असेल तर माहिती क्षणात समोर येते. अडचण अशी, की तो ज्याच्याकडे असतो त्याला प्रकरण आधीच ठाऊक असते. बाहेरच्या माणसाला पक्षकाराच्या नावाने शोधावे लागते, आणि तेथे वर्ष द्यावेच लागते. दावा कोणत्या वर्षी लागला हे ज्याला माहीत नाही, त्याने एकेक वर्ष टाकत मागे जायचे आणि प्रत्येक वेळी पडद्यावरची वेडीवाकडी अक्षरे पुन्हा भरायची. त्यात नावे रोमन लिपीत. वानखेडे या एका आडनावाचे वर्णलेखन अर्ज टंकित करणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे दोन-तीन प्रकारे होते. आडनावाची पहिली काही अक्षरेच दिली तर यादी इतकी लांबते, की त्यातला आपला वानखेडे कोणता हे ओळखणे कठीण. राज्यातील जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरून पंचवीस वर्षे उलटली असताना नावाचा शोध देवनागरीत खात्रीने लागू नये, हे मला तरी पटत नाही. वकिलाच्या नावाने, कायद्याच्या नावाने, अगदी प्रथम खबरी अहवालाच्या क्रमांकानेही प्रकरण शोधता येते; मौजा (गाव) आणि खसरा क्रमांकाने (जमिनीच्या भूमापन क्रमांकाने) मात्र येत नाही, आणि जमिनीच्या दाव्यात प्लॉटधारकाच्या हाती नेमके तेवढेच असते.

संकेतस्थळावरून उतरवून घेतलेला आदेश माहितीपुरता असतो. बँकेपुढे, भूमापन कार्यालयापुढे किंवा दुसऱ्या न्यायालयापुढे ठेवायला प्रमाणित नक्कलच लागते. त्यासाठी नक्कल विभागात अर्ज करायचा, कोर्ट फी तिकीट लावायचे, प्रकरण क्रमांक, निकालाची तारीख आणि हव्या असलेल्या कागदाची निशाणी (न्यायालयाने त्याला दिलेला क्रमांक) लिहायची आणि खर्चाची रक्कम भरायची. नक्कल हाती आली, की तिच्यावरचा शिक्का नीट वाचण्यासारखा असतो. अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली आणि ती कधी दिली, या तारखा त्यात ओळीने भरलेल्या असतात. अपिलाची मुदत मोजताना नक्कल मिळवण्यात गेलेला आवश्यक काळ वगळावा, असे 1963 च्या मुदत कायद्याचे कलम 12 सांगते. त्या तारखांचे महत्त्व त्यासाठी. ही सारी व्यवस्था हरलेल्या पक्षकाराला वेळेत अपील करता यावे म्हणून घडली आहे, आणि त्या कामापुरती ती चोख आहे. पक्षकार नसलेला माणूस खिडकीपाशी येईल, हे तिच्या आखणीतच फारसे धरलेले नाही. जिल्ह्यातल्या एका न्यायालयात माझ्या परिचयाच्या गृहस्थांना ‘वकिलामार्फत या’ एवढेच तोंडी उत्तर मिळाले. वकिलामार्फतच यावे असा नियम कोठे आहे, हे त्यांना कोणी दाखवले नाही आणि नकार लेखी दिला नाही. खिडकीपलीकडच्या कर्मचाऱ्याला मी दोष देत नाही. त्याच्यापुढे अर्जांचा ढीग असतो, आणि त्रयस्थाला काय उत्तर द्यायचे हे त्यालाही कोणी लिहून दिलेले नसते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 74 प्रमाणे न्यायाधिकरणांच्या कृतींचे अभिलेख सार्वजनिक दस्तऐवजांत मोडतात. कलम 75 सांगते, की ज्या सार्वजनिक दस्तऐवजाची पाहणी करण्याचा एखाद्याला हक्क आहे, त्याची प्रमाणित प्रत त्याने मागितल्यावर आणि फी भरल्यावर दिली पाहिजे. सारी मेख ‘पाहणीचा हक्क’ या अटीत आहे. हा हक्क कोणाला, हे ते कलम सांगत नाही; ते न्यायालयाच्या नियमांवर सोडले जाते, आणि ते नियम पक्षकार आणि त्रयस्थ असा भेद करतात. माहिती अधिकाराने हा भेद ओलांडता येईल, अशी आशा काही वर्षे होती. 4 मार्च 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात ती संपवली. उच्च न्यायालयाच्या नियमांत प्रती मिळण्याची सोय असेल तर त्याच वाटेने गेले पाहिजे, न्यायिक कागदांसाठी 2005 च्या माहिती अधिकार कायद्याचा आधार घेता येणार नाही, आणि त्रयस्थाने कारण नमूद करून शपथपत्रासह अर्ज करावा ही अट योग्य आहे, असा तो निर्णय आहे. न्यायालयाच्या प्रशासकीय माहितीला माहिती अधिकार आजही लागू आहे, पण निकालपत्र त्या वाटेने मिळत नाही. हा निर्णय बंधनकारक आहे आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. परंतु कारण विचारता येते म्हणून ते प्रत्येक कागदासाठी विचारलेच पाहिजे, असे त्या निर्णयात कोठेही म्हटलेले नाही.

मी ज्या खात्यात वावरलो तेथे या प्रश्नाचे उत्तर शंभर वर्षांहून अधिक काळ रोज अमलात येत आहे. 1908 च्या नोंदणी कायद्याच्या कलम 57 ने कागदांचे सरळ दोन वर्ग केले. पुस्तक क्रमांक एक, म्हणजे स्थावर मालमत्तेचे दस्त, आणि त्याच्या सूची कोणीही फी भरून पाहाव्यात, कोणीही नक्कल घ्यावी. ‘तुमचा या घराशी संबंध काय’ असे विचारण्याचा अधिकार दुय्यम निबंधकाला नाही. पुस्तक क्रमांक तीन, ज्यात मृत्युपत्रे असतात, आणि पुस्तक क्रमांक चार, ज्यात किरकोळ दस्त असतात, त्यांना मात्र वाट्टेल त्याने हात लावायचा नाही. मृत्युपत्राची नक्कल ते करणारा हयात असेपर्यंत त्याला किंवा त्याच्या प्रतिनिधीलाच, त्याच्या मृत्यूनंतर मात्र मागेल त्याला; पुस्तक चारमधली नक्कल ज्याने दस्त करून दिला किंवा ज्याचा त्यातून हक्क निघतो, त्याला किंवा त्याच्या प्रतिनिधीलाच. म्हणजे कोणते कपाट उघडे आणि कोणते बंद, हे कायद्याने ठरवले. समोरच्या माणसाचा चेहरा, त्याची ओळख किंवा त्याचा वकील पाहून ते ठरत नाही. नागपूरच्या महाल भागातल्या एखाद्या वाड्याचे खरेदीखत शेजाऱ्याने पाहिले म्हणून आभाळ कोसळल्याचे माझ्या उभ्या नोकरीत ऐकिवात आले नाही. उलट सूची सर्वांना खुली असल्यामुळे एकच प्लॉट दोघांना विकणारे बहाद्दर पकडले गेल्याचे पाहिले आहे. (सगळेच पकडले जातात असे नाही, त्यांची हुशारी आमच्या सूचीच्या नेहमी एक पाऊल पुढे असते.)

न्यायालयाच्या अभिलेखातही अशी विभागणी शक्य आहे. अंतिम निकालपत्र, हुकूमनामा (निकालानुसार निघणारा औपचारिक आदेश), रोजनामा (प्रत्येक तारखेला काय झाले त्याची नोंद) आणि दाव्यातील मिळकतीचे वर्णन एवढे कागद कोणालाही कारण न विचारता, ठरलेल्या फीवर मिळावेत. साक्षीपुरावे, वैद्यकीय कागद, बँकेचे उतारे, लेखी कैफियतीतले (प्रतिवादीच्या उत्तरातले) कौटुंबिक तपशील यांसाठी आजची शपथपत्राची अट खुशाल राहू द्यावी. फौजदारी निकालांबाबत तर कायद्यानेच वाट करून ठेवली आहे. ज्याच्यावर निकालाचा परिणाम होत नाही अशा व्यक्तीलाही फी आणि अटी घालून प्रत देण्याचे नियम उच्च न्यायालय करू शकते, असे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 404 मध्ये नमूद आहे. दिवाणी बाजूचे नियम करण्याचा अधिकारही उच्च न्यायालयाकडेच आहे. संसदेकडे जाण्याची गरज नाही.

खुलेपणाला मर्यादा हवी, याविषयी मला शंका नाही. लैंगिक गुन्ह्यातील पीडितेची ओळख, बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या ‘पोक्सो’ कायद्याखालील बालकाचे नाव, बाल न्याय मंडळापुढील मुले, कुटुंब न्यायालयातील बंद दाराआडची प्रकरणे यांचे कागद बंदच राहिले पाहिजेत. निर्दोष सुटलेल्या माणसाचे नाव एका शोधावर आयुष्यभर वर येत राहावे का, हाही खरा प्रश्न आहे. न्यायदानाचे खुलेपण आणि त्याला अपवाद यांचा ऊहापोह सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 1966 साली नरेश मिरजकर प्रकरणात केला होता. मुंबई उच्च न्यायालयात साक्ष देणाऱ्या एका साक्षीदाराचे म्हणणे वृत्तपत्रांनी छापू नये, हा आदेश बहुमताने कायम राहिला. त्यातील विरोधी मत न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांचे होते. ते आपल्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी आणि पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती. एवढ्या जुन्या परंपरेच्या शहराने या बाबतीत पुढाकार घेतला तर ते शोभून दिसेल. ऑक्टोबर 2020 मध्ये देशातले पहिले ई-संसाधन केंद्र ‘न्याय कौशल’ नागपुरातच सुरू झाले होते, तेव्हा नवे करून पाहण्याची आपल्याकडे हौस नाही असेही नाही.

नियम बदलायला वेळ लागेल, हे समजण्यासारखे आहे. तोवर एक गोष्ट प्रमुख जिल्हा न्यायाधीशांच्या साध्या परिपत्रकाने होऊ शकेल. नागपूरसह काटोल, उमरेड, रामटेक, सावनेर येथील नक्कल विभागांच्या खिडकीशेजारी मराठीत फलक लावावा. पक्षकार नसलेल्याने कोणता अर्ज करायचा, शपथपत्रात काय लिहायचे, पानामागे किती पैसे, किती दिवसांत उत्तर, हे त्यावर असावे. नकार द्यायचा तर तो अर्जावरच, कारणासह आणि सहीनिशी द्यावा. तोंडी नकाराविरुद्ध माणूस कोणाकडे आणि कशाच्या आधारे दाद मागणार?

दुसरी गोष्ट जुन्या अभिलेखाची, आणि ती अधिक तातडीची आहे. निकाली प्रकरणांचे कागद कायम ठेवायचे आणि ठरावीक वर्षांनी नष्ट करायचे अशा वर्गांत विभागलेले असतात. नष्ट करण्याला 1917 च्या कायद्याचा आधार आहे. मालगुजारीच्या (जुन्या जमीनदारी पद्धतीच्या) काळातल्या वाटण्यांचे वाद आजही आपल्या जिल्ह्यात निघतात, आणि आजोबांच्या नावचा हुकूमनामा शोधत नातू येतो तेव्हा त्याच्याकडे बहुधा दावा क्रमांकही नसतो. ई-कोर्ट्स प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्राने सप्टेंबर 2023 मध्ये 7,210 कोटी रुपये मंजूर केले, त्यातले 2,038.40 कोटी रुपये अभिलेखांचे स्कॅनिंग, अंकीकरण आणि जतन यांसाठी आहेत. नागपूर जिल्ह्यात हे काम करताना जुन्या दिवाणी दाव्यांच्या नोंदवह्या आधी स्कॅन कराव्यात आणि पक्षकार, मौजा व खसरा क्रमांक यांनुसार त्यांची देवनागरी सूची लोकांसाठी खुली करावी. आणि ज्या वर्षांचे कागद नष्ट करायचे असतील त्या वर्षांची यादी काही महिने आधी न्यायालयाच्या फलकावर व संकेतस्थळावर लावावी, म्हणजे ज्याला आपल्या घराण्याच्या कागदाची नक्कल घ्यायची असेल त्याला ती वेळेत घेता येईल.

आपला नम्र,
नोंदणी विभागातील एक निवृत्त कर्मचारी,
नागपूर