लग्न झालेलं जॅकेट

प्रिय पश्या,

आठ महिने झाले, फोन नाही मेसेज नाही, घाल शिव्या, ऐकतो. तब्येत ठीक, इथे कझाकस्तानात अल्माटीच्या थंडीत नाक गळतंय एवढंच. पण आज जे झालं ते तुझ्याशिवाय कोणाला कळणार नाही.

आयगुल आणि मी लग्न नोंदणीचा फॉर्म आणायला गेलो. वर रशियनमधे 'ब्राक' वाचलं आणि युक्रेनमधल्या आपल्या खारकीवचा बाराबाशोवो बाजार आठवून असं हसू फुटलं की काउंटरवरची बाई आयगुलकडे बघून म्हणाली, पुन्हा विचार करून या. ते चेन बिघडलेलं जॅकेट, त्यावरची 'ब्राक' चिठ्ठी, आणि तू डिक्शनरी उघडून अख्ख्या होस्टेलला सांगत फिरलास, या जॅकेटचं लग्न झालंय!

आता शोधलं तर ते दोन वेगळे शब्द निघाले. लग्नाचा ब्राक जुना, चर्चच्या स्लाव्हिक भाषेतला, बहुतेक 'ब्रात' म्हणजे घेणे यावरून, आणि हे ब्रात आपल्या भृ-भर्ताचं भाऊबंद. डिफेक्टवाला ब्राक मूळचा जर्मनकडचा, पोलिशमार्गे आलेला. रशियन लोक त्यावरून टोमणाच मारतात, चांगल्या गोष्टीला कोणी ब्राक म्हणेल का! इथल्या 2011 च्या कायद्याच्या नावातसुद्धा ब्राकपुढे कंसात 'सुप्रुझेस्त्वो', म्हणजे नवराबायकोपण, असा खुलासा आहे. युक्रेनियनमधे ब्राक म्हणजे टंचाई, 'ब्राक चासू', वेळच नाही (तुझं परीक्षेच्या आदल्या रात्रीचं कारण). लग्नाला तिकडे श्ल्युब, त्यातलं ल्युब म्हणजे प्रेम, आपल्या लोभाच्या नात्यातलं.

आणि खरा घोळ पुढेच. आयगुलची आझे, म्हणजे आजीच रे, चहा ओतता ओतता म्हणाली मुलगा चांगला आहे, 'बिराक'... मला वाटलं मला डिफेक्टिव्ह पीस म्हणतेय! कझाकमधे बिराक म्हणजे 'पण'. लग्नाला ते नेके म्हणतात, तोच अरबी निकाह.

त्या 'पण'नेच झोप उडालीय. घरी अजून काही सांगितलेलं नाही. आईचं वाक्य मला पाठ आहे, मुलगी चांगली असेल रे, पण... आणि मग जात, भाषा, घोड्याचं मटण, आत्या काय म्हणेल, सगळं त्या एका शब्दामागून येणार. जनकाने पण लावला म्हणून सीतेचं लग्न झालं, आमच्याकडे पण लागला की लग्न मोडतं. अण्णा तर बोलणारच नाहीत, पेपर उलटा धरून बसतील. 2022 मधे बंकरमधून फोन केला तेव्हा आई फक्त 'ये रे' म्हणाली होती, आणि मी घरी येऊन पाच महिन्यांत पुन्हा इकडे पळालो, तो राग अजून आहेच. आता हे वर. फोनवर बोलायला गेलो की मी भाजीचं विचारतो आणि ठेवून देतो.

तू जाशील का एकदा? तुझं ऐकते ती, तू पोहे मागून खातोस म्हणून. फोटो पाठवतो, आधी फोटो दाखव, मग देश सांग.

बाळाचं नाव ठेवलं का? वहिनीला नमस्कार. दुकान कसं चाललंय ते सविस्तर कळव.

लोभ असावा.
सुन्या

ता. क. जॅकेटचे माझे अडीचशे ग्रिव्हना अजून बाकी आहेत.